सर, गाडी कुठाय?

डॉक्टरांनी माझा रक्ताचा रिपोर्ट चष्म्यातून वाचला आणि मग चष्म्याच्या वरून माझ्या पोटाकडे पाहिलं.

‘‘गोळी इतक्यात देत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘रोज पाऊण तास चाला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तुमचं एक बरं आहे. लहान गाव, मोकळी हवा, रस्त्याला गर्दी नाही. आम्हाला इथं चालायला जागा शोधावी लागते.’’

डॉक्टर सांगलीचे. तालुक्याच्या गावात सकाळी सहा वाजता विनाकारण चालायची पाळी त्यांच्यावर कधी आलेली नसावी.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी नवे बूट चढवले, फाटकाची कडी लावली आणि निघालो. पहिल्याच कोपऱ्यावर दोन्ही अंगांना कॅन लटकवलेली मोटारसायकल करकचून थांबली. आमचे दूधवाले.

‘‘काय सर, गाडी कुठाय?’’

‘‘घरी आहे.’’

‘‘बिघडली?’’

‘‘नाही, चालू आहे.’’

‘‘मग तेल संपलंय.’’

‘‘नाही हो. फिरायला निघालोय.’’

‘‘कुटं?’’

‘‘असंच.’’

‘‘असंच म्हंजी कुटं?’’

इथं गाडी अडली. ‘असंच’ नावाचं गाव आमच्या तालुक्यात नाही. त्या गावाची पाटी एसटीला लागत नाही, वडाप तिकडं जात नाही आणि तिथं कुणाचे पाव्हणे राहत नाहीत. दूधवाल्यांनी थोडा विचार केला, मागचा कॅन पुढं घेतला, सीट फडक्यानं पुसली आणि म्हणाले, ‘‘बसा. तुमी म्हनाल तितं सोडतो.’’

यात त्यांचा काही दोष नाही. माझे आजोबा आठ मैलांवरच्या बाजाराला डोक्यावर भुईमुगाचं पोतं घेऊन चालत जायचे. 1948 साली 1 जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, आणि ती फिरत फिरत आमच्या गावापर्यंत पोचली तेव्हा आमच्या घराण्याचे पाय पहिल्यांदा जरा टेकले. पुढं वडिलांनी सायकल घेतली. 1972 साली पुण्याच्या फिरोदियांनी लुना काढली, ती काही वर्षांनी चुलत्यांच्या अंगणात आली आणि भावकीत तिची हळद-कुंकू लावून पूजा झाली. मग उसाच्या बिलावर मोटारसायकली आल्या. दोन पिढ्यांनी अशी कंबर मोडून खानदान रस्त्यावरून उचलून गाडीवर बसवलं. आणि तिसऱ्या पिढीत मी, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, दारात चारचाकी उभी असणारा, पायी चाललेला दिसतो. लोकांना काळजी वाटणारच.

बरं, चालण्याचं आपल्याकडं वावडं आहे म्हणावं तर तेही नाही. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात. लाखो माणसं चालतात आणि वाटेवरची गावं त्यांच्या पायांना तेल चोळतात. गागोद्याचे विनोबा 1951 साली तेलंगणातल्या पोचमपल्लीहून भूदान मागत निघाले ते तेरा वर्षं चालत राहिले. ‘बसा बाबा, फुडच्या गावाला सोडतो’ म्हणून त्यांच्यापुढं कुणी फटफटी आडवी घातल्याचं ऐकिवात नाही. कारण वारकऱ्याला पंढरपूर गाठायचं असतं, विनोबांना जमीन मिळवायची होती. मी घरातून निघून घरीच परत येणार होतो. ‘‘जितनं निघालायसा तितंच येनार, तर मग गेलायसा कशाला?’’ असं मला एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. मला उत्तर सुचलं नाही.

पहिले काही दिवस मी नम्रपणे नकार देत राहिलो. नकार देणं आमच्याकडं सोपं नसतं. सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या दोनदा थांबला, दोनदा मी ‘नको’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी चेअरमनांचा फोन. ‘‘सर, पोराचं काय चुकलं का? आमच्या गाडीवर बसायचं न्हाई असं काय हाय का? मागच्या विलेक्शनचं अजून धरून बसलाय व्हय?’’ मागच्या इलेक्शनला मी कुणाला मत दिलं होतं हे मलाही नीट आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

तेव्हापासून मी बसायला लागलो. पुतण्या मला स्टँडवर सोडायचा. तिथनं घरापर्यंत चालत यावं, असा माझा हिशेब. पण स्टँड हे वडापवाल्यांचं राज्य. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं असतात : जीपमध्ये बसलेली आणि जीपमध्ये बसायची राहिलेली. मी दिसलो की दोघं तिघं धावत यायचे, एक दंड धरायचा, एक पिशवी शोधायचा आणि पिशवी नाही म्हटल्यावर दुसरा दंड धरायचा. ‘‘चला सर, एकच शीट राहिलंय!’’ हे एक सीट जीप भरून लोक टपावर बसले तरी शिल्लकच असतं. एकदा मी ‘नाही नाही’ म्हणत असतानाच जीप सुटली आणि मला शेजारच्या तालुक्यात सकाळचा कोवळा सूर्य पाहायला मिळाला. परत येताना तिकीट पडलं, शिवाय मांडीवर एका आजींनी कोंबडी ठेवली.

वडापमधून सुटलो तर चहा. स्टँडवरचा चहावाला माझा माजी विद्यार्थी. ‘‘बिनसाखरेचा दे रे बाबा,’’ मी सांगितलं. त्याच्याकडं एकच पातेलं, साखर त्यात पहाटेच पडलेली. ‘‘सर, कमी साखरेचा देतो की,’’ म्हणून त्यानं त्याच पातेल्यातला अर्धा कप दिला. मग गुरुजी अर्ध्या कपावर उठले हे बरं दिसेना म्हणून आपल्या खर्चानं एक ‘पेशल’ दिला, वर साय.

घरी आलो तर बायको दारात.

‘‘चहा घेतलात ना?’’

‘‘अर्धा कप.’’

‘‘आणि नंतर पेशल. सायीचा.’’

मी स्टँडवरून घरी चालत आलो होतो. बातमी गाडीवरून आली होती.

बायकोनं सुचवलं, ‘‘अहो, कपडे व्यायामाचे घाला. लोकांना आपोआप कळेल.’’ म्हणून ट्रॅक पँट आणली. आमच्याकडं ट्रॅक पँट घालून पहाटे रस्त्यावर दिसणारी एकच जमात : पोलीस भरतीची पोरं. बाह्यवळणाच्या कच्च्या रस्त्यावर ती रोज 1600 मीटरची तयारी करत असतात, एक जण मोबाइल धरून सेकंद ओरडतो, बाकीची जीव घेऊन पळतात. त्यांनी मला पाहिलं आणि आदरानं वेग कमी केला. ‘‘सर,’’ एकानं धापा टाकत विचारलं, ‘‘वयात बसतंय का तुमचं? माजी सैनिकातनं भरलाय का फॉर्म?’’ दुसऱ्यानं माझ्या पोटाकडं पाहून त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी ती मला गोळाफेक शिकवू लागली.

ट्रॅक पँट कपाटात गेली. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, घाम पुसायला खांद्यावर टॉवेल असा साधा वेष करून निघालो. त्या दिवशी मात्र एकही गाडी थांबली नाही. उलट समोरून येणारा प्रत्येक जण हॉर्न न वाजवता, मान खाली घालून, बाजूनं हळूच निघून जाई. मी खूश. असा निवांत चाललो असताना मागून कुणीतरी येऊन माझ्याबरोबर पावलं टाकू लागलं. मग आणखी एक. गावंदरीपर्यंत आम्ही सहा-सात जण झालो होतो, सगळे गप्प. शेवटी एकानं हलक्या आवाजात विचारलं, ‘‘सर, माती कुनाची हाय?’’

‘‘कुणाचीच नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग सावडायला चाललाय?’’

‘‘नाही हो, मी फिरायला...’’

बाकीचे थांबले. दोघांनी दुकान बंद करून टॉवेल घेतला होता. त्यातला एक आजतागायत माझ्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, कुणी गेलं नव्हतं तर आधी सांगायला काय झालं होतं?

खरी भानगड पुढंच झाली, आणि ती मोबाइलनं केली. मुलानं पुण्याहून फोनमध्ये पावलं मोजायचं अ‍ॅप घालून दिलं आणि रोज दहा हजार भरलीच पाहिजेत अशी तंबी दिली. हा दहा हजारांचा आकडा एका जपानी कंपनीनं 1965 साली बाजारात आणलेल्या, कमरेला लावायच्या यंत्रामुळं जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटांवर समाधानी आहे. पण मुलाला समजवायला गेलो तर तो म्हणतो, ‘‘बाबा, तुम्ही कारणं सांगता.’’ म्हणून मी कारखाना रस्त्यानं, शेताच्या कडेनं, फोन हातात धरून चालू लागलो. दर दोन-तीन खांबांमागं थांबायचं, आकडा बघायचा, जमलं तर चिटोऱ्यावर टिपून घ्यायचा.

बांधावरून हाक आली. ‘‘सर, किती आलं?’’

‘‘अडीच हजार.’’

‘‘फूट का मीटर?’’

‘‘पावलं.’’

‘‘कुटनं?’’

‘‘घरापासून इथवर.’’

‘‘बरं बरं,’’ तो म्हणाला आणि खुरपं तिथंच टाकून गावाकडं गेला.

आमच्या गावाला बायपास होणार अशी आवई मी विद्यार्थी असल्यापासून ऐकतोय. आणि 2013 साली भूसंपादनाचा नवा कायदा आला, ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो हे लोकांना कळलं, तेव्हापासून रस्ता म्हटलं की माणसं आमच्याकडं पंचांगाआधी सातबारा उघडतात. सर रोज पहाटे गुपचूप येतात, गाडी मुद्दाम घरी ठेवतात, मोजणी करतात, टिपून घेतात आणि विचारलं तर ‘असंच’ म्हणतात, एवढ्यावर गावानं जो निष्कर्ष काढला त्यात तर्कशास्त्राच्या दृष्टीनं मला एकही फट सापडली नाही.

आठवड्याच्या आत माझ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना केशर आंब्याची रोपं उगवली. हातभर अंतरावर एक. फळझाडाचा मोबदला वेगळा धरतात. मोकळ्या माळावर एकानं पत्र्याची शेड उभी केली आणि आत एक खाट टाकून दारावर ‘हॉटेल’ असं लिहिलं. एकानं वर्षानुवर्षं बुजलेली विहीर उकरायला घेतली. माझं येणं-जाणं मात्र एकदम मानाचं झालं. थोरल्या वस्तीवरचे तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सर, तुमच्या हातात हाय तर एवडं करा. रस्ता आमच्या वावरातनं घ्या. धाकट्याच्यातनं नगं, त्याची जमीन चिबाड हाय, रस्ता खचंल.’’ संध्याकाळी धाकटे घरी आले. ‘‘सर, थोरल्याच्यातनं नका घेऊ. वढ्याला पूर आला की रस्ता जाईल. आमची रानं उंचावर हाईत.’’ आठ वर्षं बोलत नसलेले हे दोघे भाऊ सरकारच्या रस्त्याची इतकी काळजी करताना पाहून मला भरून आलं.

कुणी रिकाम्या हातानं येत नव्हतं, ही दुसरी अडचण. हंगाम चालू होता, गुऱ्हाळं पेटली होती. गुळाची ढेप आली. काकवीची बाटली आली, मग बाटल्या आल्या. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी डबल ट्रॉली थांबवून कांडी ओढून दिली. ‘‘खावा सर, चालून दमला असाल.’’ मी नको म्हटलं तर त्यांना वाटायचं दुसऱ्या कुणाचा जास्त गूळ आलाय. साखर उतरवायला निघालेला मी. घरात दोन ढेपा, सात बाटल्या आणि कोपऱ्यात उसाची मोळी. बायकोनं गुळाच्या पोळ्या केल्या. टाकवत नाहीत ना.

‘‘मी मोजणीवाला नाही, मला साखर आहे,’’ असं मी चौकात एकदा मोठ्यानं सांगून पाहिलं. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. ‘‘बरोबर हाय,’’ एक जण डोळा मिचकावून म्हणाला, ‘‘सरकारी मानसानं असंच सांगाय पायजे.’’

या सगळ्यातून मला बाहेर काढलं ते टपालवाल्या आप्पांनी. आप्पा निवृत्त पोस्टमन. सकाळी मारुतीच्या पारावर बसलेले असतात आणि गावाचं सगळं येणं-जाणं पाहतात, पण कुणाला काही विचारत नाहीत, हा त्यांचा दुर्मीळ गुण.

‘‘सर,’’ ते म्हणाले, ‘‘मी आख्खी नोकरी पायी केली. वाड्या-वस्त्या, ऊन-पाऊस. एकानं कदी इचारलं न्हाई, का चाललाय म्हनून. का सांगा?’’

‘‘का?’’

‘‘खांद्याला पिशवी हुती. मानूस रिकाम्या हातानं चालला की लोकाला सोसत न्हाई. हातात कायतरी घ्या.’’

दुसऱ्या दिवशी बाजाराची पिशवी घेऊन निघालो. ‘‘आज मंगळवार न्हाई सर, बाजार परवा झाला,’’ असं पाच जणांनी थांबवून सांगितलं. जेवणाचा डबा घेतला. ‘‘कोन हाय दवाखान्यात? कुठल्या दवाखान्यात? मुळव्याध का आपेंडिस?’’ दुपारी बायकोला भेटायला दोन शेजारणी मोसंबी घेऊन आल्या. मग एका जुन्या मित्रानं तांब्याची आठवण करून दिली. तांब्या घेऊन पहाटे चाललेल्या माणसाला या महाराष्ट्रात कधी कुणी ‘बसा, सोडतो’ म्हटलेलं नाही हे खरं. पण आमच्या वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी मोठी कमान आहे, आणि एके काळी गुड मॉर्निंग पथकं असल्या तांब्याधारी मंडळींना गाठून गुलाबाची फुलं देत होती. कॉलेजात ज्यांना नीतिशास्त्र शिकवलं त्यांच्याकडून फूल घ्यायची माझी तयारी नव्हती.

शेवटी गोठ्याच्या जुन्या खुंटीवर आजोबांच्या वेळचा कासरा सापडला. तो हातात गुंडाळून घेतला आणि काय सांगू, किमया झाली.

‘‘म्हस सुटली व्हय सर?’’ दूधवाल्यांनी गाडी न थांबवताच विचारलं.

‘‘हं,’’ मी म्हणालो.

‘‘वढ्याकडं बघा!’’ आणि गेले.

मी कासरा हलवत ओढ्यापर्यंत जायचो, इकडं तिकडं बघायचो, परत फिरायचो. कुणी लिफ्ट देईना, कारण म्हैस शोधणाऱ्याला गाडीवर बसवून उपयोग नसतो. कुणी चहा पाजेना, कारण तेवढ्यात म्हैस कुणाच्या उसात शिरायची. रस्त्याची कुजबुज थांबली, आंब्याची रोपं वाळायला लागली. एवढंच नाही, माझ्याबद्दलचा आदर वाढला. पुस्तकातला माणूस म्हणून जे माझ्याशी जपून बोलत, ते आता लांबूनच ओरडून दिशा सांगू लागले. आयुष्यात पहिल्यांदा दहा हजार पावलं भरली. मुलानं फोनवर टाळ्या वाजवल्या.

गावाची म्हैस आठवडाभर सापडत नाही ही गोष्ट मात्र गावाला लागून राहिली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी दारात गलका. बाहेर येऊन पाहतो तो चेअरमनचा पुतण्या, भरतीची पोरं, वडापवाले दोघं आणि मधोमध एक काळी, शिंगाळ, अत्यंत नाराज म्हैस.

‘‘गावली सर!’’ पुतण्या चिखलानं माखला होता. ‘‘नदीपल्याड हुती. ग्रुपवर टाकलं हुतं आमी, सातही गावांच्या. पोरांनी रात्रभर हुडकली.’’

‘‘अरे पण ही माझी नाही.’’

‘‘असं कसं? तुमच्याकडं बगून हंबरली की!’’

‘‘माझ्याकडं म्हैसच नाही!’’

‘‘आता हाय न्हवं,’’ वडापवाला म्हणाला. त्यानं माझ्याच हातातला कासरा घेऊन ती माझ्याच फाटकाला बांधली आणि सगळे चहाला आत आले. बायकोनं गुळाचा चहा केला, एवढं एक बरं झालं. काकवीची एक बाटलीही संपली.

मूळ मालक दुपारी उगवला. तो बिचारा उलट्या दिशेला शोधत होता. म्हैस बघून आधी तिला चार शिव्या दिल्या, मग तिच्या गळ्यात पडला आणि मग मला म्हणाला, ‘‘सर, वस्ती लांब हाय आन् ही एकट्याला ऐकत न्हाई. म्या फुडनं वडतो, तुमी मागनं जरा हाका.’’

पांढरा सदरा, हातात काठी, पुढं म्हैस. वस्ती नदीपल्याड निघाली. जाताना चौक लागला, स्टँड लागला, कॉलेजचं फाटक लागलं; कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही, ट्रॅक्टरवाल्यांनी तर ट्रॉली कडेला घेऊन वाट दिली. फोनमधला आकडा अठरा हजारांवर गेला.

संध्याकाळी पाय गरम पाण्यात घालून बसलो होतो तेवढ्यात डेअरीचे सेक्रेटरी वही घेऊन आले. ‘‘अभिनंदन सर. म्हस घेतल्याचं कळलं. तुमच्या नावानं खातं उघडून ठिवलंय. फॅट किती लागतंय?’’

‘‘अहो, ती परत गेली. दुसऱ्याची होती.’’

सेक्रेटरी वहीत लिहितच होते. ‘‘व्हय व्हय, पहिली परत केली, ऐकलंय म्या. बरं झालं, ती मारकी हाय. चेअरमन म्हनाले, सरांसाठी मुऱ्हा बगितलीय, उद्या सकाळी सहाला टेम्पो इतं येतोय. फक्त रतीब सांगा, सकाळचा घालनार का दोनी वेळचा?’’